चौथी चूक

"मुलगी हुशार आहे," होवाळे सर म्हणाले, आणि थांबले.

मीही थांबलो. पहिलीपासून नववीपर्यंत जेवढ्या पालकसभांना मी गेलो, तेवढ्या सगळ्यांत हे वाक्य ऐकलं होतं आणि त्याचा पुढचा अर्धा भाग मला तोंडपाठ होता. पण मनावर घेत नाही. पण लक्ष खिडकीबाहेर असतं. पण वहीची निम्मी पानं कोरी. तो 'पण' कधी येतोय त्याची वाट बघत मी लाकडी खुर्चीत अंग चोरून बसलो. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला आणि गुणपत्रक माझ्याकडे सरकवलं.

"गणितात एकाहत्तर. मागच्या चाचणीत एकोणतीस होते. पेपर मी दोनदा तपासला. एकदा नेहमीसारखा आणि एकदा शेजारणीचं बघून लिहिलंय का ते बघायला. शेजारणीला सव्वीस आहेत."

"एकाहत्तर?" मी गुणपत्रक डोळ्यांजवळ नेलं.

"घरी सांगितलं नाही तिनं? काल वर्गात वाचून दाखवले मी."

"नाही, सर. तिचा स्वभावच तसला. मग पुढं?"

"पुढं काय?"

"म्हणजे, मुलगी हुशार आहे, पण..."

सर हसले. "आज नाही 'पण'. एवढंच. मुलगी हुशार आहे. या आता, पुढचे पालक खोळंबलेत."

मी शाळेच्या फाटकाबाहेर आलो तो जमिनीवरून चालत नव्हतो. स्टँडसमोर पाव किलो जिलेबी घेतली आणि तिथंच उभ्यानं संपवली. घरी न्यायची नव्हती, कारण तोवर माझ्या डोक्यात एक बेत शिजायला लागला होता.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. तासगावात स्टँडकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर माझं 'अक्षता आर्ट्स' नावाचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. दुकानाला नाव लेकीचंच. मी मूळचा पेंटर. वीस वर्षं ब्रशनं पाट्या रंगवल्या, मग फ्लेक्स आला आणि माझे ब्रश डब्यात उभे राहून वाळले. मी मुकाट्यानं कॉम्प्युटर शिकलो. डिझाइन दुकानात करायचो, छपाई सांगलीला व्हायची आणि तयार फ्लेक्सची गुंडाळी एसटीनं यायची. धंदा बदलला तरी गाव मला मारुती पेंटरच म्हणत राहिलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कोऱ्या पानावर कोणी सुरुवात करत नाही. जुनी फाइल उघडायची, फोटो बदलायचा, नाव बदलायचं आणि नवीन म्हणून छपाईला पाठवायची. वाढदिवसाचा फ्लेक्स असा एखाद्याच्या पदावरच्या निवडीचा होतो आणि निवडीचा श्रद्धांजलीचा. वेळ वाचतो, पण जुन्यातलं काहीतरी तसंच राहून जायची धास्ती असते. मला ती धास्ती कधी नव्हती, कारण माझ्या घरात अक्षता होती.

चौथीत असल्यापासून ती शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात फेकायची, माझ्या टेबलावर चढून बसायची आणि छपाईला जाणाऱ्या प्रत्येक डिझाइनचा कागद लाल पेनानं तपासायची. कोणी सांगितलं नव्हतं, हौस म्हणून. मी पेंटर माणूस. मी अक्षराचं वळण बघतो, वाचत नाही. एकदा यमगरांच्या तात्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स करताना हार घातलेल्या फोटोखाली 'केक कापण्याचा कार्यक्रम सायंकाळी सात वाजता' ही ओळ तशीच राहून गेली. अक्षतानं तिला लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'तात्या येणार आहेत का?' त्या दिवशी तिनं माझी अब्रू वाचवली.

फ्लेक्सचे चौरस फूट ती तोंडी सांगायची. बारा बाय साडेसातचा आकडा माझ्या तोंडातून संपायच्या आत तिचं उत्तर यायचं. आणि हीच पोरगी गणितात एकोणतीस आणायची.

"अक्षे, चौरस फूट तोंडी काढतीस, मग पेपरात काय हुतं?" मी विचारायचो.

"पेपरात कुणाला फ्लेक्स लावायचाय?" ती म्हणायची, आणि खिडकीबाहेर बघायची.

दर जूनला दहावीचा निकाल लागला की गावातली नव्वद टक्क्यांच्या वरची सगळी पोरं माझ्या कॉम्प्युटरमधून जायची. मी त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायचो, कपाळावरच्या पुटकुळ्या काढायचो, नावावर सोनेरी रंग चढवायचो. दुसऱ्याच्या पोरांची 'अभिनंदन! अभिनंदन!! अभिनंदन!!!' मी एवढी लावली की ती उद्गारचिन्हं माझ्या स्वप्नात यायची. जळायचो असं नाही म्हणणार. थोडासा जळायचोच.

तर असा मी, पाव किलो जिलेबी पोटात घालून घरी आलो. अक्षता जिन्याच्या पायरीवर बसली होती. एरवी या वेळेला ती माझ्या टेबलावर असायची.

"सर काय म्हणाले?" तिनं विचारलं.

मला हसू फुटायला लागलं. बेत उघडा पडू नये म्हणून मी तोंड दुसरीकडे वळवलं आणि चपला काढत बसलो.

"काय म्हणणार? नेहमीचंच."

"नेहमीचंच?"

"मग? तेच सगळं. जा, आईला चहा टाकायला सांग."

ती उठली आणि वर गेली. एवढी आनंदाची बातमी कशी पोटात ठेवली म्हणून मी माझी मीच पाठ थोपटून घेतली. बायकोलाही सांगितलं नाही. शालनच्या पोटात काही राहत नाही, असं माझं त्या वेळी मत होतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, अक्षता शाळेत गेल्यावर मी दुकानाचं दार पुढं लोटून घेतलं आणि मागच्या जूनची सगळ्यात देखणी फाइल उघडली. औषधाच्या दुकानवाल्यांचा मुलगा दहावीला तालुक्यात पहिला आला होता, त्याची. दहा बाय आठ. त्याचा फोटो काढून टाकला आणि मामाच्या लग्नातला अक्षताचा फोटो घेतला. त्यात ती मोकळ्या केसांनी खळखळून हसत होती. मागचा मांडव कापून फक्त पोरगी ठेवायची, तर केसांच्या कडा सोडवण्यात माझा अख्खा दिवस गेला. एक एक बट मी सोडवली. गिऱ्हाइकाच्या पोराला मी दहा मिनिटं देतो.

मग नाव लिहिलं, कु. अक्षता मारुती सुतार. त्याखाली, 'गणित विषयात ७१ गुण'. सोनेरी रंगात, काळी सावली देऊन. खाली शुभेच्छुकांची नऊ फोटोंची रांग होती, ती मी जाणूनबुजून तशीच ठेवली. आमच्या गावात शुभेच्छुकांशिवाय फ्लेक्स म्हणजे वाजंत्रीशिवाय वरात. अक्षतानं तपासायचा प्रश्नच नव्हता. तिला चकित करायचं होतं.

शुक्रवारी दुपारी गुंडाळी आली. मी स्वतः लाकडी चौकट केली, फ्लेक्स ठोकला आणि दुकानासमोरच्या दोन खांबांना तारेनं आवळला. पाचला शाळा सुटते. सव्वापाचला मी रस्त्यात हात मागं बांधून उभा राहिलो.

अक्षता सायकलवरून आली, ब्रेक दाबला आणि वर बघितलं. ती वरून खाली, डावीकडून उजवीकडे बघत गेली, माझ्या टेबलावर बसून कागद बघायची तशी. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. कधी एकदा हसतेय असं झालं होतं.

"चार चुका आहेत, पप्पा," ती म्हणाली. सायकल भिंतीला टेकवली आणि वर गेली.

मी मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझाच फ्लेक्स वाचला.

'इयत्ता दहावी शालान्त परीक्षेत' हे शब्द तसेच होते. पोरगी नववीत. शाळेचं नाव पलीकडच्या शाळेचं. आणि उजव्या कोपऱ्यात लाल चांदणीत, हातभर अक्षरांत, 'तालुक्यात प्रथम'. केसांच्या बटा मात्र सुरेख सुटल्या होत्या.

मी शिडी आणायला वळलो, तेवढ्यात मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजला. बजरंगआण्णा होते. आमच्या प्रभागाचे माजी नगरसेवक आणि भावी नगरसेवक. मधल्या काळात ते गावातल्या प्रत्येक फ्लेक्सवर शुभेच्छुक असायचे. याही फ्लेक्सवर रांगेत पहिला फोटो त्यांचाच होता.

"पेंटर! आरं, बोलला न्हाईस! तालुक्यात पयली? आपल्या गल्लीतली पोर?"

"आण्णा, ते चुकून झालंय..."

"चुकून कशी यील पयली? कष्ट केलं असत्याल पोरीनं!" त्यांनी फ्लेक्स नीट निरखला. "माजा फोटो ब्येस आलाय. ह्योच वापरत जा. आता ऐक. रविवारी सकाळी धाला सत्कार. हितंच, फ्लेक्सम्होरं. शाल, नारळ, माईक, समदं माझ्याकडं लागलं. तंवर फ्लेक्सला हात लावायचा न्हाई."

"पण आण्णा..."

"बाप म्हणून तुजं बी अभिनंदन, पेंटर." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हाच स्पष्ट सांगायला हवं होतं. मी घसा खाकरलासुद्धा. पण 'बाप म्हणून अभिनंदन' हे शब्द मी दुसऱ्यांच्या बापांसाठी लिहिले होते. माझ्यासाठी कोणी म्हटले नव्हते. ते कानात गेले आणि माझा आवाज गेला. आण्णा निघून गेले. शिडी दुकानातच राहिली.

शनिवारी सकाळची शाळा. साडेसात वाजले तरी अक्षता गणवेश न घालता खिडकीत बसून होती.

"न्हाई जाणार म्हणती," शालन म्हणाली. "का जाईल? पोरी हसत्याल. आली बगा तालुक्यात पयली, म्हणत्याल. तुमाला सांगाय काय झालं हुतं? निदान मला तरी इचारायचं!"

"तुझ्या पोटात राहत नाही म्हणून..."

"माज्या पोटात राहत न्हाई? तीन आठवडं पोरगी पाचला उठून गणितं सोडवत हुती. तुमी घोरत हुता. 'पप्पांना सांगू नको, पालकसभेला त्यांचं त्यांना कळू दे' म्हणाली. म्या सांगितलं का तुमाला?"

मी तोंड फिरवलं. कोपऱ्यात रद्दीचा गठ्ठा होता. त्याच्यावर, सगळ्यात वर, नववीचं गणिताचं पुस्तक ठेवलेलं होतं. वार्षिक परीक्षा महिन्यावर आली होती. नऊ वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती एकदाची झाली, आणि मी दहा बाय आठच्या फ्लेक्सखाली तिचा गळा दाबला होता.

मी खिडकीपाशी गेलो.

"अक्षे, तीन सापडल्या. दहावी, शाळेचं नाव आणि ती चांदणी."

"आणि चौथी?"

"शुभेच्छुकांना विचारलं नाही ती?"

"त्यांना काय विचारायचं? ते खूश आहेत."

"मग तुझा फोटो? तुला न विचारता घेतला."

"फोटो चांगला आलाय." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "केस छान सोडवलेत."

"मग सांग की बाई चौथी."

"मी का सांगू? सहा वर्षं मीच सांगतेय. एकदा तुम्ही वाचा."

"बरं. आणि ते पुस्तक?"

"रद्दीवाला सोमवारी येतो," ती म्हणाली.

त्या दिवशी मी तो फ्लेक्स दहा वेळा वाचला असेल. रस्त्याच्या अलीकडून वाचला, पलीकडून वाचला, चहाच्या गाड्यावर उभा राहून वाचला. नावात चूक नाही, गुणात चूक नाही. येणारे-जाणारे थांबायचे. पेंटर, अभिनंदन. पेंटर, पेढे कुठं आहेत. बेदाण्याच्या शेडचे मालक गाडीतून उतरून म्हणाले, "आमच्या पोराला जरा तिच्याकडं शिकवणीला पाठवू का?" दहावीचा निकाल जूनमध्ये लागतो, मग हा आत्ताच कसा लागला, किंवा गणितात एकाहत्तर घेऊन पोरगी तालुक्यात पहिली आली, तर बाकीच्या तालुक्याचं काय झालं असेल, असा विचार एकाच्याही मनात आला नाही. मी सगळ्यांना हात जोडत होतो. चूक झालीय असं एकालाही म्हणालो नाही. संध्याकाळपर्यंत माझी मलाच लाज वाटायला लागली.

रविवारी सकाळी मी पक्कड खिशात घालून खाली उतरलो, म्हटलं, आठाच्या आत तारा तोडून टाकू. बघतो तर फ्लेक्ससमोर सतरंजी अंथरलेली, टेबलावर नारळ, आणि माईकवाला 'हॅलो, हॅलो' करतोय. मी आण्णांना बाजूला घेतलं आणि कानात सगळं सांगितलं. दहावी नाही, पहिली नाही, फाइल जुनी.

आण्णांनी इकडं-तिकडं बघत आवाज खाली आणला. "कुणाकुणाला म्हाईत हाय?"

"आम्हा तिघांना. आणि तिच्या शाळेला."

"मग गप बस. शाळेला आज सुट्टी हाय."

दहाला पन्नास-साठ माणसं जमली. आण्णांनी माझं कौतुक केलं, गल्लीचं केलं, स्वतःचं केलं. मग म्हणाले, "आता आपल्या गुनवान कन्येला म्होरं बोलवूया." सगळ्यांच्या माना वर, आमच्या खिडकीकडे वळल्या. अक्षता खिडकीत उभी होती. ती हलली नाही. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. ती माझ्याच वाटेकडं डोळे लावून होती, हे मला त्या क्षणी कळलं.

मी उठलो आणि आण्णांच्या हातातला माईक घेतला.

"मंडळी, मी मारुती पेंटर. हा फ्लेक्स मी केलाय आणि तो चुकीचा आहे." माईक किंचाळला. मी तो लांब धरला. "माझी लेक दहावीत नाही, नववीत आहे. शाळा वर लिहिलीय ती नाही. आणि ती तालुक्यात पहिली नाही. वर्गात एकविसावी आहे."

कुठंतरी कोणीतरी खुदकन हसलं.

"एकाहत्तर मात्र खरे आहेत," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. "आधी एकोणतीस होते. पहाटे पाचला उठून तिनं ते आणलेत. तालुक्यात पहिला येणारा पोरगा आधीच्या परीक्षेतही पहिला-दुसराच असतो. एकोणतीसचे एकाहत्तर करणारी माझ्या बघण्यात एकच आहे. म्हणून मी फ्लेक्स लावला. ज्याला हसायचंय त्यानं माझ्या चुकांना हसावं, तिच्या गुणांना नाही. तिनं चार चुका काढल्यात. मला तीनच सापडल्या. चौथी अजून सापडलेली नाही."

मी माईक आण्णांच्या हातात दिला. आण्णांनी लोकांकडे बघितलं, फ्लेक्सवरच्या स्वतःच्या फोटोकडे बघितलं.

"एकविसावी?" ते माईकवरून म्हणाले. "वर्गात पोरं किती, पेंटर?"

"चौसष्ट."

"म्हंजी त्रेचाळीस जण हिच्या मागं हैत! आरं, मी दोन येळा निवडून आलो, माज्या मागं कवा त्रेचाळीस न्हवती! सत्कार हुनार म्हंजी हुनारच!"

लोक खो खो हसले, मग टाळ्या पडल्या. खिडकीकडे बघितलं तर ती रिकामी होती. आणि दुकानाच्या दारातून अक्षता बाहेर येत होती. तिच्या एका हातात माझा जुना चार नंबरचा ब्रश होता, दुसऱ्या हातात लाल ऑइलपेंटचा डबा.

"पप्पा, शिडी धरा," ती म्हणाली.

मी शिडी धरली. ती वर चढली आणि सगळ्या गल्लीसमोर तिनं फ्लेक्स तपासायला घेतला. 'दहावी'वर रेघ मारून वर लिहिलं, 'नववी'. 'शालान्त'वर रेघ, 'चाचणी'. शाळेच्या नावावर रेघ, वर आमच्या शाळेचं नाव. मग उजवीकडे सरकून त्या चांदणीला मोठा गोल केला, 'तालुक्यात प्रथम' खोडलं आणि लिहिलं, 'वर्गात एकविसावी'. प्रत्येक रेघेला टाळी पडत होती. आण्णा खालून म्हणाले, "बाळ, माजा फोटो तेवढा राहू दे!"

"तुमचा बरोबर आहे, आण्णा," ती वरून म्हणाली.

मग ती दोन पायऱ्या खाली उतरली, शुभेच्छुकांच्या रांगेपाशी आली, आणि नवव्या फोटोच्या पुढं तिनं हंसपदाची खूण केली, काही राहिलं असेल तिथं करतात ती. पुढं काहीच लिहिलं नाही. खाली आली आणि ब्रश माझ्या हातात दिला.

"ही चौथी. इथं एक नाव राहिलंय."

"कुणाचं?"

ती हळू आवाजात बोलली. माईक लांब होता, ते बरं झालं.

"मंगळवारी मी पायरीवर बसले होते, पप्पा. तुम्ही येणार आणि काहीतरी म्हणणार म्हणून. तुम्ही म्हणालात, नेहमीचंच. मग तुम्ही साऱ्या गावाला सांगितलंत. नऊ जणांनी फोटोसकट अभिनंदन केलं, त्यांतल्या सहा जणांना मी ओळखतसुद्धा नाही. तुम्ही अजून केलं नाही."

मी ब्रश घेऊन शिडीवर चढलो. ज्या हातानं वीस वर्षं या गावाच्या पाट्या रंगवल्या, त्यात फार वर्षांनी ब्रश आला होता. हंसपदाच्या पुढं मी लिहिलं, 'पप्पा'. रंग डोळ्यांसमोर पसरलेला दिसत होता; तो फ्लेक्सवर पसरला होता की माझ्याच डोळ्यांत, ते सांगता येत नाही. खाली उतरून मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "शाब्बास, बाळा." पाच दिवस उशिरा म्हणालो, पण म्हणालो.

तिनं वर बघितलं. "शिरोरेघ वाकडी झालीय."

"पुसून परत काढू?"

"राहू द्या," ती म्हणाली.

सोमवारी रद्दीवाला आला आणि गठ्ठा घेऊन गेला. गणिताचं पुस्तक त्याच्या आधीच शाळेत गेलं होतं.

आता असं झालं असतं की त्यानंतर पोरगी शर्थ करून पहिली आली, तर गोष्ट झकास झाली असती. पण अक्षता ती अक्षताच. सगळ्या परीक्षा संपल्या, वार्षिक निकाल लागला, आणि गणितात पडले अठ्ठावन्न. मी सरांसमोर त्याच लाकडी खुर्चीत बसलो.

"मुलगी हुशार आहे," होवाळे सर म्हणाले. "पण..."

पुढचं मी नीट ऐकलंच नाही. स्टँडसमोर अर्धा किलो जिलेबी घेतली, पुडा बांधून घेतला आणि सरळ घरी आलो. अक्षता पायरीवर बसली होती. तिनं काही विचारायच्या आत, चपला काढायच्याही आत, मी म्हणालो, "शाब्बास!"

"कशाबद्दल?" ती म्हणाली. "तेरा कमी झालेत."

"एकोणतीसच्या दुप्पट आहेत," मी म्हणालो.

तिनं मान तिरकी केली आणि मनातल्या मनात हिशोब तपासला.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि पुडा माझ्या हातातून घेतला.